कॅडमियमचे खडे

नीलिमाने ऑटोक्लेव्हच्या झाकणाला दोन पाने लावले आणि अंगाचा भार टाकून ते सैल केले. पोलादी डब्यातून टेफ्लॉनची पांढरी वाटी बाहेर काढली. वाटी हलताच तळातून धुके उठावे तसे काहीतरी उठले आणि हळूहळू पुन्हा खाली बसले. भुकटी. तांदळाच्या पिठीसारखी, बारीक, निर्जीव. तिने वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिले, 'पांढरी भुकटी.' त्याच्या वरच्या ओळीतही तेच होते. त्याच्या वरच्याही.

शेजारच्या ओट्यावर निता राठोड आपला डबा उघडत होती. पान्याचा आवाज झाला, झाकण निघाल्याचा झाला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

"मॅडम," निता हळू आवाजात म्हणाली, "थोडं इकडं येता काय?"

नीलिमा हात पुसत गेली. वाटीच्या तळाशी, कडेला, नितळ द्रावात खडे होते. खडीसाखर फोडताना उडालेल्या चुऱ्याएवढे, पण प्रत्येकाला कडा होत्या, बाजू होत्या. खिडकीतून येणारा उजेड त्यांच्यात शिरून दुसरीकडून बाहेर पडत होता. नीलिमाने सहा वर्षे असे खडे फक्त छापलेल्या शोधनिबंधांत पाहिले होते.

"स्फटिक हायेत न?" निताने विचारले. तिला खात्री होती, पण ती दुसऱ्याकडून ऐकायची होती.

"तसं दिसतं," नीलिमा म्हणाली. "पेटीत धरून पाहा."

ती पेटी जगदेवने बनवली होती. जगदेव या प्रयोगशाळेचा परिचर, निवृत्तीला वर्ष राहिलेला. खोक्याला आतून काळा कागद, एका बाजूला अतिनील दिवा, वर डोळा लावायला भोक. निताने काचेच्या बशीत चार खडे घेऊन आत सरकवले, दिवा लावला आणि स्वतः न बघता बाजूला झाली. पहिला मान मॅडमचा.

नीलिमाने डोळा लावला. काळोखात चार ठिपके निळे पेटले होते. मोरकंठी नव्हे, त्याहून फिके, उन्हात वाळत घातलेल्या नीळ दिलेल्या धोतरासारखे निळे. तिने डोळा काढला तेव्हा निता तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"छान आहे," नीलिमा म्हणाली. तो शब्द काढायला तिला पान्यासारखाच जोर लावावा लागला.

अनुप सर वर्ग अर्धा सोडून आले, हाताला खडूची पूड तशीच. त्यांनी पेटीत पाहिले, पुन्हा पाहिले, मग स्टुलावर बसले. कारंज्याच्या या महाविद्यालयात संशोधन केंद्र काढायला त्यांनी नऊ वर्षे खेटे घातले होते. "निता," ते म्हणाले, "कितवा प्रयत्न?"

"तिसरा, सर."

नीलिमाने नळ सोडला आणि आपली वाटी विसळायला घेतली. भुकटी पाण्याबरोबर निघून गेली.

*

काम दोघींचे एकच होते, धातू तेवढा वेगळा. नीलिमाकडे जस्त, निताकडे कॅडमियम. धातूचा अणू म्हणजे गाठ, आणि आम्लाचा लांब रेणू म्हणजे दोरी. गाठीमागून गाठ बसत गेली की न संपणारे जाळे तयार होते, आणि असे जाळे कधी कधी अतिनील उजेडात उजळते. ते नेमके कसे विणले आहे हे क्ष-किरणांनी कळते, पण त्यासाठी एक सलग, निर्दोष खडा लागतो. भुकटीवरून अंदाज बांधता येतो, त्याची कोणी पदवी देत नाही.

सहा वर्षांपूर्वी सरांनी दोन्ही धातू नीलिमापुढे ठेवले होते. "कॅडमियम घ्या मॅडम," ते म्हणाले होते. "मोठा अणू आहे. हात सैल असतो त्याचा, लवकर जमतं." पण कॅडमियम विषारी, आणि तेव्हा हरीओम पोटात होता. तिने जस्त घेतले. हरीओम आता पहिलीत होता आणि तिची पीएच.डी.ची नोंदणी जूनमध्ये संपत होती. तोवर एक तरी रचना छापून आली नाही, तर तासिका तत्त्वावर मुलांची प्रात्यक्षिके घेणे, हेच तिच्या नशिबी कायमचे उरणार होते.

निता येऊन अकरा महिने झाले होते. मेडशीजवळच्या तांड्यावरची. आईबाप दिवाळी झाली की कोल्हापूरकडे ऊसतोडीला जायचे, आणि ही लहानपणी अर्धे वर्ष फडात, अर्धे शाळेत. पहिल्या दिवशी तिला मेथिल नारंगी आणि मेथिल लाल या दर्शकांतला फरक नीलिमानेच दाखवला होता. काच कशी धुवायची, तराजूसमोर श्वास कसा धरायचा, तेही.

संध्याकाळी घरी परतताना इंझोरीच्या बसमध्ये नीलिमाने खिडकीला डोके टेकले. तूर कापलेली शेते मागे जात होती. तिला राग येत नव्हता. राग असता तर बरे झाले असते, राग कोणावर तरी काढता येतो. तिला नुसते वाटत होते की ते चार ठिपके आपल्या डोळ्यात राहिले आहेत आणि पापणी मिटली तरी विझत नाहीत.

"काय झालं?" भागवतने ताटावर विचारले. तिचा नवरा कमी बोलायचा, पण तिचा घास रेंगाळला की त्याला कळायचे.

"त्या निताले जमलं."

"मग चांगलंच झालं न. तुमच्याच प्रयोगशाळेत झालं."

"हो," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तसाच धरून बसली.

दुसऱ्या दिवशी निता जेवायला गेली असताना नीलिमाने तिची वही उघडली. तिला कृती हवी होती, कुठेतरी एखादी युक्ती, एखादा लपवलेला थेंब. वहीत गोल, शाळकरी अक्षरात लिहिले होते: 'नीलिमा मॅडमच्या पद्धतीने. जस्ताऐवजी कॅडमियम. भट्टी ताशी दोन अंशांनी थंड केली.' पद्धत नीलिमाचीच होती, जशीच्या तशी. तिने वही होती तिथे ठेवली, कोपराही पूर्वीसारखा ओट्याच्या कडेला लावला. युक्ती सापडली असती तर तिला इतके लागले नसते.

*

हैदराबादच्या एका संस्थेत क्ष-किरणांचे यंत्र होते. त्यांनी या केंद्राला वर्षातून एक पाळी दिली होती, फेब्रुवारीतली. त्या पाळीच्या अर्जावर नमुना देणाऱ्याच्या जागी तीन वर्षे नीलिमाचे नाव जात होते आणि नमुना नाही म्हणून पाळी फुकट जात होती.

सरांनी तिला खोलीत बोलावले. समोर अर्ज होता.

"मॅडम, यंदा निताचं नाव टाकू का?" ते अवघडले होते. "तुमचा खडा झाला की मी दुसरी पाळी मागतो. शब्द आहे माझा."

"टाका न सर. त्यात विचारायचं काय."

"तुमचं मन मोठं आहे."

ती हसली. जिना उतरताना तिला आढळले की आपली डाव्या हाताची नखे तळव्यात रुतली आहेत.

नमुना पाठवायच्या दिवशी सर परीक्षेच्या कामाला अमरावतीला गेले होते. निता छोट्या बाटल्या, कापूस, चिकटपट्टी घेऊन बसली होती. खडे अजून त्यांच्या मूळ द्रावात होते. ज्या द्रावात खडे जन्मतात त्याला प्रयोगशाळेत मदर लिकर म्हणतात, आईचे पाणी म्हणावे तसे. त्यातून बाहेर काढले की अशा जाळ्यांतल्या पोकळ्यांमधले पाणी उडते, आणि खडा आतून तडकतो, दुधाळ होतो. हे पुस्तकात असते, पण पुस्तकात ते अशा ओळीत असते की जिच्यावरून नवख्याची नजर घसरते. नीलिमाची घसरली नव्हती.

"मॅडम," निताने विचारले, "हे पाण्यातच पाठवू, की सुकवून?"

जगदेव खिडकीच्या काचा पुसत होता. बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होते, ती सुरू होत नव्हती.

"सुकव," नीलिमा म्हणाली. "गाळून घे, कागदावर पसर. सुकवूनच पाठवतात."

"बरं."

एवढेच. आवाज नेहमीचा होता, तिचा तिलाच नेहमीचा वाटला. जगदेवचा हात काचेवर क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला. त्याने वळून पाहिले नाही.

दुपारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे प्रात्यक्षिक होते. नीलिमा मुलांच्या मागून फिरत होती, ब्युरेट सरळ धर, थेंब मोज, असे म्हणत होती. दर वेळी दाराजवळ आली की तिला पलीकडच्या ओट्यावरचा गाळणकागद दिसत होता. दोन वाजता त्यावरचे खडे नितळ होते. तीनला कडा धुरकट झाल्या. अजून वेळ होता. नुसते म्हणायचे, 'निता, थांब, चुकलं माझं, पुन्हा द्रावात टाक.' ती वाक्याची जुळवाजुळव करत होती तेवढ्यात एका मुलाने फ्लास्क फोडला, आणि काचा गोळा करताना तिला बरे वाटले की आता आपल्याला काम आहे.

चारला खडे पांढरे दिसत होते, मिठासारखे. तिने पर्स उचलली आणि बस गाठली.

*

पहिला आठवडा हलका गेला. तिने जस्ताची नवी भट्टी लावली, हरीओमचा बाराखडीचा अभ्यास घेतला, सासूला घेऊन कारंज्याच्या बाजारातून चादरी आणल्या. निता रोज विचारायची, "मॅडम, काही आलं असंल काय?" आणि ती म्हणायची, "येईल न."

दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी निता फोन घेऊन आली. "मॅडम, बाबाले बोलायचं हाय तुमच्याशी. फडात हाये थे, दोन मिनिटं."

नीलिमाने फोन कानाला लावला. पलीकडे वारा होता आणि कोणीतरी बैल हाकत होते.

"मॅडम, म्या धरमसिंग, निताचा बाप. पोरगी सांगत होती, तिचा कायचा तरी खडा निघाला म्हणून. आमाले त्यातलं काई समजत नाई."

"चांगलं काम केलं तिनं."

"तुमच्या हाताखाली हाये न ती. तिची माय रोज इचारते, एकटी पोरगी, कोण पाह्यते तिले. म्या म्हणतो, मॅडम हायेत." वाऱ्याने पुढचे काही शब्द नेले. "बस, एवढंच सांगाचं होतं."

तिने फोन परत दिला. निता हसत होती, बापाच्या भाबडेपणाबद्दल थोडी लाजलेली. नीलिमाने हातमोजे चढवले. ओट्यावर काहीच काम नव्हते, म्हणून तिने धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुतल्या.

त्या दिवसापासून तिला झोप लागायची, पण पहाटे जाग येऊन पहिला विचार कागदावरच्या पांढऱ्या खड्यांचा यायचा. हैदराबादहून पत्र येईल, 'नमुना निकामी.' निता तिच्याकडे येईल, विचारेल, काय चुकलं मॅडम? आणि आपण काहीतरी सांगू. तिने ते उत्तरही तयार केले होते. ते पटण्यासारखे होते, आणि त्याचीच तिला शिसारी येत होती. आणि तरीही, खोटे कशाला, या सगळ्याच्या तळाशी एक जागा अजून होती जिथे तिला ते पत्र यायला हवे होते.

*

निकाल मार्चच्या पहिल्या सोमवारी आला. सरांनी दोघींना बोलावले. जगदेवने आणलेला चहा टेबलावर निवत होता आणि सर संगणकाच्या पडद्यावरून नजर काढत नव्हते.

"बसा," ते म्हणाले. "दोन्ही रचना निघाल्या."

"दोन्ही?" नीलिमाने विचारले.

"दोन बाटल्या होत्या न. एक द्रावातली, एक सुकवलेली."

नीलिमाने निताकडे पाहिले. निता पडद्याकडे बघत होती.

सर सांगत होते आणि त्यांचा आवाज मुलांना शिकवताना चढतो तसा चढत होता. द्रावातला खडा उत्तम निघाला होता. जाळे, जाळ्यात बोगदे, बोगद्यांत पाण्याचे रेणू रांगेने. पण खरी गंमत दुसऱ्या बाटलीत होती. सुकवलेले बहुतेक खडे तडकले होते, त्यांचा उपयोग नव्हता. यंत्रावरच्या माणसाने फेकायच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली चाळून पाहिले, तर एक तुकडा सलग राहिलेला. पाणी गेले, बोगदे आक्रसले, कॅडमियमचे अणू एकमेकांजवळ सरकले, आणि तरी जाळे तुटले नाही. आणि तो खडा निळा उजळत नव्हता, हिरवा उजळत होता. पाण्याचा थेंब लावला की पुन्हा निळा.

"नुसत्या ओल्या खड्याचा निबंध चारचौघांसारखा झाला असता," सर म्हणाले. "हा नाही. ओल ओळखणारा पदार्थ आहे हा. निता, सुकवून पाठवायची कल्पना कोणाची?"

"मॅडमची," निता म्हणाली.

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो नुसता निबंधाचा नव्हता. "मग दुसरं नाव तुमचं, मॅडम. नोंदणीचा प्रश्न मिटला. मी तर काळजीत होतो." त्यांनी एक छापील कागद पुढे केला. प्रत्येक लेखकाने काय काम केले ते त्यात लिहायचे होते. नीलिमाच्या नावापुढे त्यांनी शिसपेन्सिलीने तिथल्या तिथे लिहून टाकले: 'नमुना सुकवण्याची कल्पना.' "सही करून चारपर्यंत द्या."

प्रयोगशाळेत कोणी नव्हते. निता नळाखाली बाटल्या धूत होती. नीलिमा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली, कागद हातात.

"द्रावातली बाटली पाठवायचं कोणी सांगितलं?"

"जगदेवकाकानं. तुमी प्रात्यक्षिकात होत्या तवा. म्हणे, बाई, समदे नको सुकवू, थोडे पाण्यात राहू दे. लई वर्सं पाहून राह्यलो म्हणे, असे खडे पाण्याबाहेर टिकत नाई."

"मग तू बाकीचे सुकवले काहून?"

"तुमी सांगतलं होतं म्हणून."

पाणी वाहत होते. नीलिमाला आता गप्प बसता आले असते. सगळे काही तिच्या बाजूने लागले होते, कागदसुद्धा. तिने तो ओट्यावर ठेवला.

"निता, खराब व्हावे म्हणून सांगितलं होतं मी."

निताने हातातली बाटली विसळली, उलटी करून जाळीवर ठेवली, दुसरी घेतली. तीही विसळली. मग नळ बंद केला.

"काका बोलले तवाच मले समजलं होतं," ती म्हणाली. "दोन दिवस जेवण गेलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिने ओले हात ओढणीला पुसले. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती, नीलिमाने ती शोधली होती. रागही आता शिळा झालेला. "तराजूपाशी श्वास धरायचा हे बी तुमीच शिकवलं. मग मी म्हणलं, एक बाटली त्यायच्या म्हणण्याची, एक तुमच्या. जे होईन थे होईन."

"सरांना सांगायचं होतंस."

"सरायले मी नाही सांगणार." तिने बाटल्यांची जाळी उचलली. "थे तुमचं तुमी पाहा."

ती भट्टीकडे गेली, दार उघडून बाटल्या आत लावू लागली, एकेक, मान खाली घालून, नेहमीच्या सावकाश हातांनी. नीलिमा तिच्या पाठीकडे बघत राहिली. आपल्याला आता हलके वाटायला हवे, असे तिला वाटले. वाटले नाही. तिला जे वाटले ते ओळखीचे होते, गेल्या दोन महिन्यांचे, तेच. इतके पोटात ठेवून रोज सकाळी 'मॅडम' म्हणत समोर येणे. हेही नितालाच जमले.

चारला दहा मिनिटे कमी असताना ती जिना चढली. सर दुसऱ्या कोणाशी तरी फोनवर बोलत होते, त्यांनी हातानेच या म्हटले. फोन ठेवून त्यांनी कागद घेतला. तिच्या नावापुढची जागा कोरी होती. पेन्सिलीचे अक्षर पुसले गेले होते, आणि खोडरबर इतका फिरवला होता की तिथे कागद विरला होता.

"हे काय? सही पण नाही?" सर म्हणाले. "मग काय लिहू इथं?"

नीलिमाने मागे जाऊन दार लावले. मग समोरची खुर्ची ओढली आणि त्यांनी बसा म्हणायच्या आधीच बसली.

"सर," ती म्हणाली, "दहा मिनिटं आहेत तुमच्याकडं?"